शंटच्या अलीकडे, पलीकडे

सकाळी 8. बांद्याहून इन्सुलीला पोचलो. 2021 च्या तौक्ते वादळात इथल्या कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्यानंतर, ज्यांच्या घरी आलो त्या काकांनी कौलांवर सोलर पॅनल आणि पडवीत 12 व्होल्टच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये बसवून घेतल्या. तक्रार एकच : दुपारी बॅटऱ्या भरतात, तरी बॅटरीचा मीटर तिसऱ्या दिवशी शून्यावर.

8.30. आधी नुसतं बघत बसलो. मीटर ज्यावरून करंट मोजतो तो शंट निगेटिव्हवर होता, ते बरोबर. पण सोलर कंट्रोलरची काळी वायर थेट बॅटरीच्या बोल्टवर. जाणारा करंट शंटमधून, येणारा बाहेरून.

"मगे मीटर खोटो नाय तर!" काका म्हणाले.

खोटा नव्हताच. त्याला फक्त खर्च कळत होता, जमा नाही.

मला जास्त टोचला तो फ्यूज. इन्व्हर्टरपाशी, बॅटरीपासून चार हात लांब. फ्यूज असतो वायरसाठी. मधल्या चार हातांत उंदरानं आवरण कुरतडलं आणि शॉर्ट झालं, तर तो करंट फ्यूजपर्यंत पोचतच नाही; वायर लाल होते. अशी काळवंडलेली भिंत मी एका घरी पाहिली आहे. तेव्हापासून कुठेही गेलो की माझी नजर आधी फ्यूजकडेच जाते.

10. आधी पॅनलची जोडणी सोडवली, मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. अंगठी खिशात, पान्याला टेप. हिशोब : 1600 वॅट लोड, बॅटरी 22 व्होल्टवर उतरलेली, इन्व्हर्टरमधली घट धरून साधारण 85 अँपिअर. म्हणून 35 चौरस मिलिमीटरची वायर, 125 अँपिअरचा डीसी फ्यूज. घरातला एसीचा एमसीबी इथे लावू नये. एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, ठिणगी विझते. डीसीत ती धरून राहते. फ्यूज पॉझिटिव्हपासून वीतभरावर घेतला, पण बॅटरीच्या पेटीबाहेर, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. कंट्रोलरच्या 10 चौरस मिलिमीटरच्या वायरला वेगळा 40 अँपिअरचा फ्यूज.

1. काकींनी जेवायला बसवलं. सोलकढी दोनदा घेतली.

2.30. शंट म्हणजे पितळेच्या दोन ठोकळ्यांमध्ये पातळ पट्ट्या. यावर छाप आहे 500 अँपिअर, 50 मिलिव्होल्ट. एका ठोकळ्यावर फक्त बॅटरी. इन्व्हर्टर, कंट्रोलर, सगळ्यांच्या काळ्या वायरी दुसऱ्यावर. वायरींच्या टोकांचे लग घासून चकचकीत केले, नट आवळले. आधी बॅटरी जोडली, मग पॅनल.

3.30. काकींनी मिक्सर, फ्रिज, पंखे एकदम लावले. क्लॅम्प मीटर 40 अँपिअर, शंटच्या छोट्या स्क्रूंवर मल्टिमीटर 4 मिलिव्होल्ट. जुळलं. लोड बंद करून बॅटऱ्या भरू दिल्या.

5.30. बॅटऱ्या भरल्यावर मीटर 100 टक्क्यांवर लावून घेतला. ऊन माडांमागे गेलं होतं. काकांनी पडवीतला दिवा लावला आणि चष्मा पुसून मीटरवरचा करंटचा आकडा वाचला : "उणे एक."

"आता खर्च सुरू झाला, काका. सकाळी अधिक दिसेल."