केस चालू आहे आणि ड्राफ्ट जवळ आलाय: एनबीएचे संघ माणूस कसा पारखतात?

या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता माणूस कामावर घेताना काय बघायचं. त्यात बास्केटबॉलचं एक उदाहरण मी घाईघाईत उरकलं आणि नेमके त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. व्हिडिओत वेळ कमी पडतो, इथे निवांत सांगतो.

आधी हे उदाहरण डोक्यात आलं कसं ते ऐका. माझ्या जुन्या बॅचमधल्या एका वर्कशॉपवाल्याचा फोन आला. "सर, सीएनसीवर बसवायला एक मुलगा मिळालाय. हात इतका साफ आहे की विचारू नका. पण त्याच्यावर केस चालू आहे. घेऊ की नको?" मी विचारलं, कसली केस? "मारामारीची आहे म्हणतात." कोण म्हणतात? "ते... असंच कळलं."

मी म्हटलं, दादा, तुमच्यापुढे जो प्रश्न आहे ना, तोच प्रश्न अमेरिकेत जून महिन्यात कोट्यवधी डॉलर घेऊन बसलेल्या लोकांपुढे असतो. ते काय करतात ते बघा, मग ठरवा.

एनबीए ही तिकडची व्यावसायिक बास्केटबॉलची लीग. ३० संघ. नवे खेळाडू घ्यायची पद्धत म्हणजे ड्राफ्ट. आपल्या आयपीएलचा लिलाव डोळ्यांपुढे आणू नका. लिलावात बोली चढत जाते. ड्राफ्टमध्ये संघांच्या पाळ्या लागलेल्या असतात, प्रत्येकाने आपल्या पाळीला एक नाव घ्यायचं. आणि पहिल्या फेरीचा पगाराचा तक्ता आधीच ठरलेला असतो. तुमचं नाव कितव्या नंबरावर आलं, त्यावर पगार. २०२४ मध्ये पहिल्या नंबरावर गेलेल्या खेळाडूचा पहिल्या वर्षाचा पगार सव्वा कोटी डॉलरच्या आसपास होता. २७व्या नंबरावरच्याचा पंचवीस लाखांच्या आसपास. पहिल्या फेरीत आलात तर दोन वर्षांच्या पगाराची गॅरंटी. दुसऱ्या फेरीत घसरलात तर नियमाने कसलीच गॅरंटी नाही, जे पदरात पडेल ते तुमच्या एजंटच्या जोरावर.

म्हणजे एखादी शंका मनात आली म्हणून प्रत्येक संघाने "राहू दे, पुढचा घेईल" म्हटलं, की पोराचे लाखो डॉलर तिथल्या तिथे गेले. कोर्टाने शिक्षा दिली नसली तरी.

आता टेरेन्स शॅनन ज्युनियरची गोष्ट. इलिनॉय विद्यापीठाचा गार्ड. २०२३-२४ च्या मोसमात सामन्याला सरासरी २३ गुण करणारा, म्हणजे देशातल्या वरच्या खेळाडूंपैकी. सप्टेंबर २०२३ मध्ये तो विद्यापीठाचा फुटबॉल सामना बघायला कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी गेला होता. तिथल्या एका बारमधल्या प्रसंगावरून त्याच्यावर बलात्काराचा आरोप झाला. वॉरंट निघालं डिसेंबरअखेर. तो स्वतः जाऊन हजर झाला, जामीन भरला आणि परत आला. विद्यापीठाने त्याला लगेच निलंबित केलं.

इथे एक गोष्ट घडली ती नीट समजून घ्या. त्याने विद्यापीठाविरुद्ध फेडरल कोर्टात धाव घेतली. १९ जानेवारी २०२४ ला न्यायाधीशांनी निलंबनाला तात्पुरती स्थगिती दिली. आरोप खोटा आहे असं त्या कोर्टाने म्हटलं नाही, तो त्यांच्यापुढचा प्रश्नच नव्हता. त्यांनी बघितलं ते एवढंच, की बाजू मांडायची नीट संधी न देता त्याला बसवून ठेवलं आणि त्यामुळे त्याचं जे नुकसान होईल ते पुढे भरून निघणारं नाही. त्या नुकसानीत ड्राफ्टमधली त्याची संधी आणि जाहिरातींची कमाईसुद्धा धरली गेली. तेवीस वर्षांच्या खेळाडूचा मोसम बुडाला तर पुढच्या वर्षी तो मोसम परत मिळत नाही. सहा सामने हुकले होते, बाकीचे तो खेळला.

आणि कसा खेळला! बाहेरच्या मैदानांवर प्रेक्षक त्या आरोपावरून घोषणा देत होते. मार्चमध्ये बिग टेन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याने ४० गुण केले, अंतिम सामन्यात ३४. संघ देशातल्या शेवटच्या आठांत पोचला. खेळाबद्दल कुणाला शंका उरली नाही. शंका उरली ती तारखेची.

तारखा बघा. १० मे ला कॅन्ससच्या कोर्टात प्राथमिक सुनावणी, आणि खटला चालवायचा असा आदेश. त्यानंतर लगेच शिकागोत ड्राफ्ट कॉम्बाइन. तिथे सगळे संघ एका छताखाली असतात, उंची मोजतात, उड्या मोजतात, डॉक्टर तपासतात आणि समोर बसवून प्रश्न विचारतात. तिथे तो गेला तो डोक्यावर खटला घेऊन. १० जूनला खटला उभा राहिला. १३ जूनला ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. ड्राफ्ट होता २६ जूनला. मध्ये फक्त तेरा दिवस.

तेरा दिवसांनी मिनेसोटा टिंबरवुल्व्हजने त्याचं नाव घेतलं, नंबर २७. पहिल्या फेरीत. गॅरंटीच्या बाजूला. त्याच्या मागे पहिल्या फेरीत तीनच जागा उरल्या होत्या.

केस नसती तर तो कितवा गेला असता? हा प्रश्न मला खूप जणांनी विचारला. छातीठोक उत्तर देणारा माणूस तुम्हाला फसवतोय असं समजा. कारण त्याचं वय. ड्राफ्टच्या वेळी तो चोविशीला टेकला होता, तर त्या वर्षी पहिल्या नंबरावर गेलेला मुलगा १९ वर्षांचा. संघ वयाला फार भाव देतात, पोरगं जितकं लहान तितकी वाढ बाकी. तेव्हा २७ हा आकडा किती केसमुळे आणि किती वयामुळे, हे वेगळं काढता येत नाही. एवढं मात्र सांगतो, निकाल जूनऐवजी ऑगस्टमध्ये लागला असता तर त्या रात्री संघांपुढे असलेला कागद वेगळा असता. खेळाडू तोच, खेळ तोच.

आणखी एक. तो निर्दोष सुटला याचा अर्थ तक्रार करणारी मुलगी खोटारडी ठरली, असा काढू नका. आपल्याकडे पारावर बसून असे निकाल फार लवकर लागतात. ज्युरीपुढे प्रश्न एवढाच असतो की गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झाला का. झाला नाही, माणूस सुटला. त्यापुढचं आपण बोलायचं कारण नाही.

मग संघ नक्की काय तपासतात? पहिल्यांदा हे: तो आरोपी आहे, साक्षीदार आहे, की दोषी ठरलाय? आपल्याकडे तिन्हीला एकच शब्द, "त्याचं काहीतरी लफडं आहे." संघ असं करत नाहीत. ते जुन्या कोचला फोन लावतात, शाळेतल्या कोचला लावतात, कोर्टाचे कागद वकिलाकडून वाचून घेतात. बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. कागद वाचणाराच्या हातात जास्त माहिती असते.

साक्षीदाराचं उदाहरण म्हणजे ब्रँडन मिलर. अलाबामा विद्यापीठ, २०२३. त्या वर्षी जानेवारीत टस्कलूसा शहरात गोळीबार झाला आणि २३ वर्षांची एक तरुण आई जिवाला मुकली. मिलरच्या संघातल्या एका खेळाडूवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. फेब्रुवारीत कोर्टात पोलिसांनी सांगितलं, की त्या रात्री ते पिस्तूल मिलरच्या गाडीत होतं आणि तो तिथे येण्याआधी त्या सहकाऱ्याने त्याला मेसेज करून ते मागवलं होतं. मिलरच्या वकिलाने सांगितलं की त्याने पिस्तुलाला हातसुद्धा लावला नाही आणि काय घडणार याची त्याला कल्पना नव्हती. पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा दाखल केला नाही. त्याने तपासाला सहकार्य केलं. त्या साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी तो खेळायला उतरला आणि ४१ गुण केले. यावर लोक भयंकर चिडले. त्याच्या कोचने पत्रकारांपुढे विषय हलका करणारं वाक्य टाकलं आणि नंतर त्याला खुलासा करत बसावं लागलं. (हे लक्षात ठेवा. अडचणीच्या वेळी मालकाच्या तोंडून गेलेलं एक सैल वाक्य केसपेक्षा जास्त दिवस पुरतं.)

जूनमध्ये मिलर दुसऱ्या नंबरावर गेला, शार्लट हॉर्नेट्सकडे. इथे मला थोडं कडवट बोलायचंय. गुन्हा दाखल नव्हता हे खरं. पण तोच मुलगा साठावा खेळाडू असता, तर कुणी त्याची बाजू ऐकून घ्यायला एवढा वेळ काढला असता का? मला नाही वाटत. २०१७ मध्ये चीनमधल्या हांगझोऊला यूसीएलए विद्यापीठाचे तीन खेळाडू दुकानात चोरी करताना सापडले. त्यातला लिअँजेलो बॉल विद्यापीठ सोडून लिथुआनियात खेळायला गेला, २०१८ च्या ड्राफ्टला बसला आणि त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. त्याचा खेळही वरच्या दर्जाचा धरला जात नव्हता. पिस्तुलाच्या प्रकरणापुढे चष्मे उचलणं कितीसं मोठं? पण काठावरच्या माणसाला साधं निमित्त पुरतं.

आता माझी आवडती गोष्ट. अ‍ॅलन आयव्हरसन. १९९३ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन गावी एका बोलिंग अ‍ॅलीत गोऱ्या आणि काळ्या पोरांच्या दोन गटांत मारामारी झाली. आयव्हरसन १७ वर्षांचा. तरी त्याला प्रौढ धरून खटला चालला आणि तो दोषी ठरला. नुसता आरोप नाही, दोषी. शिक्षा १५ वर्षं, त्यातली १० स्थगित. चार महिने आत काढल्यावर राज्याचे गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांनी त्याला सोडलं. १९९५ मध्ये अपील कोर्टाने पुरावा अपुरा म्हणून ती शिक्षाच रद्द केली.

पण १९९५ च्या आधी काय? बहुतेक विद्यापीठांनी पाठ फिरवली होती. त्याची आई जॉर्जटाऊनचे कोच जॉन थॉम्पसन यांच्याकडे गेली, माझ्या मुलाला घ्या म्हणून गळ घातली. थॉम्पसन शिस्तीला कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी घेतलं. तिथे तो दोन मोसम खेळला, आणि १९९६ च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाने त्याचं नाव घेतलं. पहिल्या नंबरावर. २००१ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

शॅननला तेरा दिवस मिळाले, आयव्हरसनला जवळजवळ अडीच वर्षं. आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे असा एक माणूस मिळाला, ज्याने त्याला रोज डोळ्यांसमोर ठेवलं. १९९६ मध्ये फिलाडेल्फियाला फक्त १९९३ ची बातमी वाचावी लागली नाही. मधल्या काळात तो कसा वागला हे विचारायला थॉम्पसन होते.

हे सगळं मी त्या वर्कशॉपवाल्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे कुठले कोच आणि कुठले वकील?" मी म्हटलं, मुलाला समोर बसवा, चहा मागवा आणि सरळ विचारा. केस नंबर मागा. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर केस कुठल्या टप्प्यावर आहे, पुढची तारीख कधी, हे फुकटात दिसतं. त्याच्या आधीच्या मालकाला फोन लावा. आणि "म्हणतात" हा शब्द पुन्हा माझ्यापुढे काढू नका.

दोन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला. मुलाने स्वतःच कागद आणून दाखवले. शेजाऱ्याशी बांधावरून झालेली भांडणाभांडणी, दोन्हीकडच्यांच्या तक्रारी, आरोपींत घरातले चौघे, त्यात याचंही नाव. पुढची तारीख नोव्हेंबरची. आधीच्या मालकाने सांगितलं, तीन वर्षांत एक खाडा नाही. तीन महिन्यांच्या ट्रायलवर घेतलंय, तारखेच्या दिवशी सुट्टी आधीच मंजूर केलीय. सध्या दुसऱ्या पाळीला आहे.