अणूच्या पोटातले गणित आणि एक निर्वासित

पिंप्राळ्याच्या विहारात वंदना आटोपली आणि वस्तीतली एम.एस्सी.ची मुलगी वही उघडून बसली. पानावर नाव होते कोह्न. हे कोण, आम्ही विचारले.

वाल्टर कोह्न व्हिएन्नाचे ज्यू. १९३९ साली सोळाव्या वर्षी एकटे इंग्लंडला पोहोचले. आईवडिलांना नाझींनी मारले. पुढे कॅनडात छावणीत कैद. टोरांटोच्या विद्यापीठात शत्रूदेशाचा म्हणून रसायनशास्त्राच्या इमारतीत पाऊल टाकायला बंदी. वर्गात गोणपाटावर वेगळे बसलेल्या भीमरावांच्या लेकरांना हे समजावून सांगायला नको. कोह्न गणित-भौतिकीकडे वळले. १९९८ साली नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचेच!

त्यांची रीत? अणुगर्भात कण बांधलेले असतात, त्यांची ऊर्जा अंदाजाने काढायची. विहिरीत सोडलेला दोर तळाखाली जात नाही. ज्याचा सर्वांत खोल, तो तळाजवळ. ही युक्ती जुनीच. पण आदळून विखुरणाऱ्या कणांना असा तळ नसतो. तिथे १९४८ साली कोह्न यांनी मार्ग दिला : अंदाज थोडा चुकला तरी उत्तरात चूक फारच थोडी उतरते.

"काका, ड्युटेरॉनची बंधनऊर्जा २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट हवी, माझी १.९ येते," मुलगी म्हणाली.

म्हणजे दोर अजून तळाला टेकला नव्हता. तिने नवे पान उलटले.