पोटात सुरा, तरी ऑपरेशन नाही?

पोटात भोसकलं की पोट उघडायचंच, असा सर्जन मंडळींचा एकेकाळचा खाक्या. १९६० साली ब्रुकलिनच्या जेराल्ड शाफ्टन यांनी वेगळं मांडलं: नाडी-रक्तदाब ठीक, पोट मऊ, तर थांबा, पण तासातासाला पोट चाचपत राहा. जखम आत गेली म्हणजे आतडं फाटलंच असं नसतं. विनाकारण पोट उघडण्याचेही धोके असतातच. जोहान्सबर्गच्या बारग्वानाथ रुग्णालयात, जिथे असे जखमी नित्याचे, ही पद्धत चांगलीच मुरली. मात्र रक्तदाब कोसळला, पोट लाकडासारखं कडक झालं, तर थेट ऑपरेशन थिएटर.

आणि सुरा रुतलेलाच असेल तर उपसू नका, सिनेमात काहीही दाखवोत! पात्यानेच फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरलेली असू शकते. भोवती कापडाचा आधार द्या, १०८ला फोन लावा. सुरा सर्जनच काढतील.