औषधाची मात्रा आणि रुग्णाची ऐपत

कर्करोगावरील औषधाची किंमत हा विषय सामान्यतः वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा समजला जातो. औषध गुणकारी आहे किंवा नाही हे वैद्याने ठरवावयाचे आणि ते परवडते किंवा नाही हे रुग्णाने पाहावयाचे, अशी ही विभागणी होय. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष व त्यांचे सहकारी यांनी मुख व कंठ यांच्या कर्करोगावर जे संशोधन केले, त्यात ही विभागणी मान्य केलेली नाही. उपचार कोणास परवडेल हा विचार त्यांनी चाचणीच्या आराखड्यातच अंतर्भूत केला. त्यांच्या दोन निबंधांचा परामर्श येथे घेण्याचे योजिले आहे.

प्रथम ‘खर्च’ या शब्दाची व्याप्ती पाहू. दौंड-मनमाड लोहमार्गावरील कोपरगावचा एखादा शेतमजूर तोंडाच्या कर्करोगाने आजारी आहे आणि रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे, असे समजा. औषधाची किंमत हा त्याचा प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च. मुंबईस जाण्यायेण्याचे भाडे व तेथील मुक्काम हा प्रत्यक्ष परंतु वैद्यकेतर खर्च. आणि त्याची व सोबतच्या आप्ताची बुडालेली मजुरी हा अप्रत्यक्ष खर्च. आरोग्य-अर्थशास्त्र या तिहींची बेरीज मांडते, आणि जादा खर्चास जादा लाभाने भागून उपचाराची तुलना करते. ऊसतोडीच्या ऐन हंगामात तिसरी बाब पहिलीइतकीच जड होऊ शकते.

पहिला निबंध २०२० साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ४२२ रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटास दर तीन आठवड्यांनी शिरेवाटे सिस्प्लॅटिन देण्यात आले. त्यासाठी प्रत्येक वेळी रुग्णालयात यावे लागते. दुसऱ्या गटास आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट व दररोज दोनदा सेलेकॉक्सिब, अशी तोंडाने घ्यावयाची स्वस्त औषधे देण्यात आली. निम्मे रुग्ण हयात असण्याचा कालावधी, म्हणजे आयुर्मर्यादेची मध्यगा, पहिल्या गटात ६.१ महिने व दुसऱ्यात ७.५ महिने भरली. तीव्र दुष्परिणाम अनुक्रमे शेकडा ३० व १९ रुग्णांत आढळले. येथे खर्च घटला व लाभ वाढला. तेव्हा भागाकाराची आवश्यकताच उरत नाही.

दुसरा निबंध २०२२ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये आला. त्याचा विषय निव्होल्युमॅब हे महागडे प्रतिकारशक्तिवर्धक औषध होता. याची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. चाचणीत दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम देण्यात आली. सहा आठवड्यांचा हिशेब केल्यास ही अठरावा हिस्सा ठरते. यामागे तात्त्विक आधार आहे. हे औषध लसिकापेशींवरील विशिष्ट ग्राहकांना बद्ध करते. अल्प मात्रेतच बहुतेक ग्राहक व्यापले जातात व त्यापुढे मात्रेच्या प्रमाणात परिणाम वाढत नाही. १५१ रुग्णांपैकी ज्यांना गोळ्यांच्या उपचाराबरोबर ही अल्प मात्रा मिळाली त्यांच्यापैकी शेकडा ४३.४ एक वर्षानंतर हयात होते. केवळ गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा १६.३ होते. मध्यगा ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेली.

या निष्कर्षाची मर्यादा मात्र विसरता कामा नये. अल्प मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी झालेली नाही; ती औषध मुळीच न मिळण्याशी झाली आहे. तेव्हा अल्प मात्रा पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे, असे या चाचणीवरून म्हणता येणार नाही. शिवाय लाभ महिन्यांत मोजावा लागतो, रोगमुक्तीत नव्हे.

तथापि ही तुलना चुकीची होती असे नाही. आपल्या उदाहरणातील शेतमजुरापुढे पूर्ण की अल्प मात्रा हा प्रश्न कधी उभाच राहत नाही. त्याच्यापुढील निवड अल्प मात्रा की काहीच नाही, अशी असते. संशोधकांनी त्याचा प्रश्न विचारला, म्हणून त्याच्या उपयोगाचे उत्तर मिळाले. पेटंट औषधाची मात्रा कमी करून पाहण्यात उत्पादकास स्वारस्य असण्याचे कारण नाही. अशा चाचण्या सार्वजनिक संस्थांनीच हाती घ्यावयास हव्यात. शोधनिबंध वाचताना निष्कर्षाआधी तुलनागट पाहावा. संशोधकाने कोणत्या रुग्णाचा विचार केला, हे तेथेच कळते.