फोटोतील खरखर आणि भिंतीवरचे पट्टे

आमच्या आईचा एक फोटो माझ्याजवळ आहे. २०२१ सालच्या दिवाळीला चार दिवस राहिले होते. तिन्हीसांजेची वेळ; आई पडवीत वाती वळीत बसली होती. एका बाजूने दाराशी लावलेल्या दिव्याचा उजेड, दुसऱ्या बाजूने मावळतीचा उरलासुरला प्रकाश, आणि पाठीमागे नुकताच चुना दिलेली भिंत. मी खिशातला मोबाइल काढला आणि तिच्या नकळत फोटो घेतला. फोटो साधला होता, पण मोठा करून पाहिला तो भिंतीवर आणि आईच्या पदरावर रव्यासारखे बारीक दाणे पसरलेले! मला ते आवडले नाहीत. हे दाणे नाहीसे करण्याची सोय मोबाइलमध्येच असते. ती मी वापरली. चेहरा अंधारात वाटला म्हणून उजेडही वाढवला. हे सारे मूळ फोटोवरच केले आणि तसेच साठवून ठेवले.

२०२३ मध्ये आई गेली. तो फोटो मोठा छापून आणला, तेव्हा दिव्याच्या बाजूने भिंतीवर, तळ्यात खडा टाकल्यावर तरंग उठावेत तसे, एकापुढे एक करडे पट्टे उमटलेले दिसले. छापणाऱ्याशी मी थोडी हुज्जतही घातली. दोष त्याचा नव्हता. दाणे मी पुसले आणि म्हणूनच पट्टे आले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. हे दोन दोष एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम दाण्यांकडे पाहू. इंग्रजीत त्यांना ‘नॉइज’ म्हणजे गोंगाट म्हणतात. चित्रात गोंगाट कसला, असे कोणी विचारील. पण हा शब्द ध्वनीच्या विद्येतून इकडे आला आहे, आणि आपण रेडिओ ऐकणारी माणसे त्याला सहज नाव देऊ शकतो : खरखर. लांबचे स्टेशन लावले की गाण्याबरोबर जी ऐकू येते, तीच ही खरखर. येथे ती डोळ्यांना दिसते इतकेच.

ती येते कोठून? पुष्कळांची समजूत अशी की कॅमेरा हलक्या प्रतीचा असला की खरखर येते. ही समजूत अर्धीच खरी आहे. कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनचा एक पातळ तुकडा असतो, त्याला सेन्सर म्हणतात. त्यावर लाखो-कोट्यवधी बारीक घरे असतात. प्रत्येक घराचे काम एकच : आपल्यावर किती प्रकाश पडला ते मोजणे. आता प्रकाश हा काही नळाच्या धारेसारखा अखंड येत नाही. तो कणाकणाने येतो. अंगणात पाऊस भुरभुरू लागला असता शंभर वाट्या ओळीने मांडून ठेवा आणि मिनिटभराने थेंब मोजा. पाऊस सगळीकडे सारखाच पडला, तरी सगळ्या वाट्यांत सारखे थेंब मिळतील काय? कोठे नऊ मिळतील, कोठे तेरा. वाट्यांत काही खोट नाही. थेंबांचे पडणेच तसे आहे.

मी गणिताचा मास्तर, म्हणून एक हिशेब सांगितल्यावाचून राहवत नाही. अशा मोजणीत सरासरी जेवढी, तिच्या वर्गमुळाइतका चढउतार साधारणपणे पडतो. भर उन्हात एका घरात १०,००० प्रकाशकणांची नोंद झाली, तर चढउतार १०० चा. म्हणजे शंभरात एक. तो डोळ्यांना जाणवतही नाही. तिन्हीसांजेला त्याच घरात १०० च कण आले, तर चढउतार १० चा. म्हणजे दहात एक. आणि २५ च आले, तर पाचात एक! भिंत एकसारखी पांढरी, पण शेजारशेजारची घरे वेगवेगळे आकडे सांगणार. तेच ते दाणे. वाल्टर शॉट्की या जर्मन शास्त्रज्ञाने १९१८ मध्ये निर्वात नळीतून वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहात याच जातीचा चढउतार दाखवून दिला होता, आणि जुन्या रेडिओंत तसल्याच नळ्या असत.

सेन्सरचे स्वतःचेही दोष असतात, नाही असे नाही. तो तापला की प्रकाश नसतानाही घरांत थोडी वीज साठते. आकडे वाचताना थोडी चूक होते. आणि अनेक सेन्सरांत प्रत्येक स्तंभाची वाचणी करणारा भाग निराळा असल्यामुळे अगदी अंधाऱ्या फोटोत उभ्या रेघाही दिसतात. पण आईच्या फोटोतील दाणे बहुतांशी प्रकाशाचेच होते. मोबाइलचे भिंग केवढे, तर हरभऱ्याएवढे! त्यातून त्या वेळी आत शिरणार किती? कॅमेऱ्यात ‘आयएसओ’ वाढवतात, त्याने प्रकाश वाढत नाही. आवाजाची खुंटी पिळली की गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, तसेच ते.

आता पट्टे. सेन्सरने मोजलेल्या प्रकाशाचे शेवटी आकड्यांत रूपांतर करावयाचे असते, आणि आकड्यांना पायऱ्या असतात. या विद्येच्या अगदी आरंभाचे उदाहरण देतो. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो यंत्राकडून वाचवून घेऊन संगणकात घातला. १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ ठिपके, एवढेच ते चित्र. त्या यंत्राला एका वेळी फक्त काळे की पांढरे एवढेच सांगता येई. मधला करडा रंग नाहीच. तेव्हा कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच फोटो उजेडाची मर्यादा बदलून पुन्हा पुन्हा वाचवला आणि ती वाचने एकत्र करून करड्या छटा मिळवल्या. दोन पायऱ्यांच्या काही थोड्या पायऱ्या झाल्या.

आजच्या नेहमीच्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण आमच्या भिंतीचा हिशेब करून पाहा. दिव्याजवळचा उजेड समजा साठाव्या पायरीवर आणि कोपऱ्यातला चाळिसाव्या. मध्ये पायऱ्या वीस, आणि फोटोची रुंदी ४,००० ठिपके. म्हणजे एकेक पायरी २०० ठिपके रुंद! भिंतीवर उजेड हळूहळू उतरत गेला होता. फोटोत मात्र त्या उताराचा नदीच्या घाटासारखा पायऱ्यापायऱ्यांचा घाट झाला. त्यात मी उजेड वाढवला, म्हणजे वीसच पायऱ्या अधिक उंचीवर ताणून बसवल्या, आणि एकेक पायरी आणखी उंच झाली. शिवाय आपला डोळाही अशा कडांना फार तीक्ष्ण असतो. दोन छटा जेथे भेटतात तेथे फिकी बाजू अधिक फिकी आणि गडद बाजू अधिक गडद भासते. अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच याचे वर्णन करून ठेवले आहे.

मग मूळ फोटोत पट्टे का नव्हते? पायऱ्या तर तेव्हाही तेवढ्याच होत्या. येथेच खरी गंमत आहे. भिंतीवरच्या एखाद्या जागी उजेड खरोखर साडेबावन्न आहे असे समजा. आकड्यांत साडेबावन्न नाही. बावन्न तरी किंवा त्रेपन्न तरी. खरखर असली की तेथले काही ठिपके बावन्न म्हणतात, काही त्रेपन्न, एखादा पन्नासही म्हणतो. आणि लांबून पाहणारा डोळा त्यांची सरासरी करून बरोबर साडेबावन्नच पाहतो. जसजसे दिव्याकडे सरकावे तसतसे त्रेपन्नवाले वाढत जातात आणि पायरीची कड कोठे आली ते कळतही नाही. दाणे पुसले की सगळे ठिपके एका सुरात बावन्न म्हणू लागतात, आणि दोनशे ठिपक्यांनंतर सगळेच एकदम त्रेपन्न! झाला पट्टा तयार. मोबाइलवरून फोटो पाठवताना तो लहान करण्यासाठी दाबला जातो, तेव्हाही हेच घडते. कारण असली बारीक चलबिचल बिनमहत्त्वाची समजून सर्वांत आधी टाकून दिली जाते.

ही गोष्ट जाणून खरखरीला मुद्दाम कामाला लावणारेही झाले. लॉरेन्स रॉबर्ट्‌स, जे पुढे इंटरनेटच्या आद्य जाळ्याच्या उभारणीचे प्रमुख झाले, त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशी युक्ती मांडली की चित्राच्या पायऱ्या पाडण्याआधीच त्यात थोडी खरखर मिसळावी, म्हणजे थोड्या पायऱ्यांतही चित्र पट्ट्यांवाचून पाठवता येते.

पट्ट्यांची आणखी एक जात आहे, तिचा याच्याशी घोटाळा होऊ नये. स्नेहसंमेलनाच्या वेळी सभागृहात काढलेल्या फोटोंवर आडवे, काळसर, रुंद पट्टे दिसतात. ते विजेचे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ट्यूबलाइट आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. मोबाइलचा सेन्सर सगळे चित्र एकदम न घेता वरून खाली ओळीओळीने घेत जातो. दिवा मंद असताना ज्या ओळींची पाळी येते त्या काळ्या पडतात. फोटोचा वेळ सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवला की प्रत्येक ओळीला पूर्ण चढउतार मिळतो आणि पट्टे जातात. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची असते; तिकडच्या सोयीने साठाव्या भागावर लावलेला कॅमेरा येथे असे पट्टे देतो. हे पट्टे फोटो काढतानाच टाळावयाचे.

घाटाचे पट्टे टाळावयाचे तर मूळ फोटो तसाच बाजूला ठेवून नकलेवर हात चालवावा. ज्या कॅमेऱ्यात ‘रॉ’ नावाची कच्ची नोंद ठेवण्याची सोय असते, तेथे बहुधा ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या मिळतात. मग उजेड ताणला तरी घाट दिसत नाही. माझ्याकडे मूळ उरलेच नव्हते. म्हणून आमच्या विद्यालयातील एका विद्यार्थ्याच्या मदतीने मी उलटे केले : संगणकावर त्या भिंतीवर बारीक खरखर पुन्हा पेरली. दोघांनाही जरा हसू आले. जी घालवण्यासाठी खटपट केली, तीच विकत घेतल्यासारखी परत आणायची! पण पुन्हा छापून आणले तेव्हा भिंतीवरचे पट्टे दिसेनासे झाले होते.

आईच्या बोटांतली वात मात्र अजून मेणाची असावी तशी गुळगुळीत दिसते. कापसाचे सुटलेले तंतू दाण्यांइतकेच बारीक होते; पुसणाऱ्या यंत्राला त्यांतला भेद कळला नाही, आणि ते दाण्यांबरोबरच गेले.