लहान रस्ता, मोठा सांधा

भूगोलाच्या तासाला रस्ते शिकविताना आपण बहुधा त्यांची लांबी सांगतो व पुढे जातो. परंतु रस्त्याची योग्यता केवळ लांबीवरून ठरत नाही. तो कशास कशाशी जोडतो, यावरून ठरते. हा विचार मुलांच्या मनावर बिंबविण्यास अमेरिकेतील सिअॅटल शहराचा राज्य मार्ग क्रमांक ५१९ हे चांगले उदाहरण आहे.

सिअॅटल हे वॉशिंग्टन राज्यातील, प्युजेट साउंड या खाडीवर वसलेले बंदर होय. अटलांटिक किनाऱ्यावरील बोस्टन शहराशी जोडणारा सुमारे ४,८०० किलोमीटर लांबीचा द्रुतगती महामार्ग क्रमांक ९० येथे संपतो. पण तो धक्क्यापर्यंत पोहोचत नाही. उरलेले अंतर दोन किलोमीटरांहूनही कमी आहे. ते तोडण्याचे काम १९९१ साली राज्य मार्ग म्हणून निश्चित झालेला हा रस्ता करतो. त्याच्या टोकाशी कोलमन धक्का असून तेथून बेनब्रिज बेट व ब्रेमर्टन येथे माणसे आणि मोटारी नेणाऱ्या बोटी सुटतात. आपल्याकडे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास २०२० साली सुरू झालेली रो-रो बोट याच प्रकारची आहे.

आता अडचण पाहा. मोठ्या बोटीतून सुमारे २०० वाहने एकाच वेळी उतरतात. शेजारीच बंदराचे मालट्रक व दोन मोठी क्रीडांगणे. शिवाय महामार्ग आणि धक्का यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ आडवे पसरलेले. समजा, एका ओळीतून दर दोन सेकंदांस एक वाहन पुढे जाते, तर २०० वाहनांस ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद लागतील. अशा वेळी फाटक पाच मिनिटे बंद राहिले, तर १५० वाहने तुंबतील. हे गणित चौथीच्या मुलांकडूनही करवून घेता येईल.

यावर उपाय काय? रस्ता रुंद करून भागत नाही. कारण फाटकापाशी रुंद रस्ताही थांबतोच. म्हणून रूळ आणि रस्ता यांच्या पातळ्या वेगळ्या करण्यात आल्या. कामाचा पहिला टप्पा २००४ साली, तर दुसरा २०१० साली पुरा झाला. रुळांवरून उड्डाणपूल गेले. खेळ पाहण्यास येणाऱ्या पादचाऱ्यांनाही रूळ न ओलांडता वरून जाण्याची सोय झाली. एकंदरीत, जेथे निरनिराळ्या गतीची वाहतूक एकत्र येते, तेथे त्यांचे मार्ग वेगळे करणे हाच खरा उपाय ठरतो.

हे केवळ परदेशाचे वर्णन म्हणून सांगू नये. आपल्या गावाचा जोडरस्ता फाट्यावर मोठ्या रस्त्यास मिळतो. तेथे बैलगाडी, सायकल, एस. टी. आणि शाळेकडे निघालेली मुले एकाच जागी येतात. बंद फाटकाखालून वाकून जाणारी मुले तर आपण पाहतोच. वरच्या वर्गातील मुलांना शिक्षकांनी सोबत राहून, सुरक्षित अंतरावरून, अर्धा तास तेथील वाहने मोजावयास लावावी; नकाशा काढून मुले कोठून रस्ता ओलांडतात ते तांबड्या शाईने दाखवावे. तयार झालेला नकाशा वर्गात टांगावा व त्याची एक प्रत ग्रामपंचायतीकडे अवश्य द्यावी. धोक्याची जागा कागदावर दिसू लागली, म्हणजे तिच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड होते.