वऱ्हाडातला पत्र्याचा कूलर

२५ मे २०२४ रोजी अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावले. जमावबंदी म्हटली की दंगल आठवते. इथे कारण होते ४५ अंशांच्या पुढे गेलेला पारा. शिकवणी वर्ग सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतरच घ्यावेत, असेही त्या आदेशात होते. नीट-जेईईसाठी अकोल्यात खोली करून राहणाऱ्या पोरांना त्याचा अर्थ लगेच कळला: दिवसाचे सर्वांत वाईट सात तास आता खोलीवरच काढायचे. आणि खोली बहुधा वरच्या मजल्यावरची, कारण तिचे भाडे कमी. डोक्यावर तापलेला स्लॅब.

अशा खोलीत माणूस अभ्यास करू शकतो तो खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवलेल्या पत्र्याच्या खोक्यामुळे. अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा अमरावतीच्या गाडगेनगरात काय, इमारतीची मागची बाजू पाहिली तर किती मुले राहतात ते कूलर मोजून सांगता येते.

यंत्र म्हणाल तर गमतीचे साधे. खाली पाण्याची टाकी, तीन बाजूंना जाळीत दाबून बसवलेल्या लाकडी भुश्शाच्या ताट्या (भुस्सा कसला, लांबलांब कीसच तो, सगळे त्याला गवत म्हणतात), ताट्यांवर पाणी सोडणारा मुठीएवढा पंप आणि समोर पंखा. कोरडी हवा ओल्या गवतातून आत ओढली जाते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. लिटरभर पाणी असे उडाले की सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून कमी होते. ही युक्ती कूलरवाल्यांची नव्हे. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडायची पद्धत फार जुनी. एकोणिसाव्या शतकात साहेबलोकांनी तिला हाताने फिरवायचा पंखा जोडला आणि त्या अवजड पेटाऱ्याला ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव दिले. पंखा फिरवायला अर्थात इथलाच माणूस होता.

हे खोके वऱ्हाडात जेवढे चालते तेवढे मुंबईत चालत नाही. हवा ४४ अंशांवर असेल आणि आर्द्रता १२ टक्के, तर नुसत्या बाष्पीभवनाने ती २२ अंशांपर्यंत उतरू शकते. पत्र्याच्या कूलरला ते पुरते साधत नाही, पण ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर २७-२८ अंशांची हवा तोंडावर येते. पंखा आणि पंप मिळून दीडशे-दोनशे वॅट. दीड टनी एसी भर दुपारी तासाला एक-दीड युनिट खातो. अट एकच, समोरची खिडकी किंवा दार उघडे हवे. खोली बंद करून कूलर लावणारे नवखे पोर तासाभरात घामाने चिकचिकते, मग शेजारच्या खोलीतला सीनियर येऊन दार उघडतो आणि अक्कलही काढतो.

विजेची बचत अशी सहज होते, म्हणून ती फुकट होते असे मात्र नाही. लहान कूलरसुद्धा दुपारी तासाला दहा लिटर पाणी सहज पितो. अकोल्याला पाणी येते महानच्या काटेपूर्णा धरणातून, तेही रोज नाही. नळ यायच्या आत टाकी संपली की उरते बोअर. इथे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आडवा येतो. खारे पाणी उडते, क्षार मागे राहतात. ताट्यांवर पांढरी पापडी धरते, पंपाची नळी बुजते आणि पत्रा बुडापासून सडतो. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी केली तर हे कमी होते. डेंग्यूचा डासही अंड्यापासून आठ-दहा दिवसांतच उडायला लागतो, म्हणून आठवड्याचा हा नेम दोन्हींवर लागू पडतो. पाळतो कोण, हा भाग वेगळा. चार जणांच्या खोलीत सगळ्यांत जास्त भांडणे होतात ती “कूलरात पानी टाकलं का बे?” या प्रश्नावरून.

मग एसीच बरा का? तो पाणी पीत नाही असे वाटते, कारण ते दुसरीकडे प्यायले जाते. अकोला जिल्ह्यात पारसला आणि अमरावतीजवळ नांदगावपेठेला कोळशाची वीजकेंद्रे आहेत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१५ साली जुन्या केंद्रांना घालून दिलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची आहे. म्हणजे तासभर एसी चालला की तीन-पाच लिटर तिकडे गेले. नांदगावपेठेच्या केंद्राला पाणी अप्पर वर्धा धरणाचे. अमरावती शहर पिते तेही त्याच धरणाचे. आणि सिंचनाचे पाणी विजेला का, म्हणून शेतकऱ्यांनी आंदोलने केली तीही त्यावरूनच. पाण्याच्या हिशेबात एसी पुढे निघतो, हे कूलरच्या भक्तांनी मान्य करावे. कोळशाच्या आणि पैशाच्या हिशेबात तो कुठेच बसत नाही.

पैशाचा हिशेब घरमालकाच्या हातात असतो. पुष्कळ ठिकाणी कूलरचे महिन्याचे ठरावीक पैसे भाड्यावर चढवतात. एकदा पैसे भरले की कूलर बंद करायचे कारणच उरत नाही; पोरे क्लासला गेली तरी तो रिकाम्या खोलीला गारवा देत बसतो. जिथे खोलीगणिक सबमीटर आहे तिथे हीच पोरे निघताना बटण बंद करतात. सगळ्या खोल्या एकाच मीटरवर असल्या की महावितरणचे १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे भराभर ओलांडले जातात आणि जपून वापरणाऱ्यालाही चढ्या दराचा वाटा पडतो. ऊर्जाबचतीच्या भाषणांपेक्षा सबमीटर स्वस्त पडेल, असे माझे मत आहे.

कूलरला मरण मात्र सहसा येत नाही. गवत दर उन्हाळ्यात नवे भरायचे. कंडेन्सर गेला तर पंखा गुरगुरतो पण फिरत नाही. तो बदलायला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. मोटर जळली तर वाइंडिंग करून मिळते. बूड सडले तर पत्र्याचे काम करणारा नवे ठोकून देतो, वर डांबर फासतो. अगदीच खिळखिळा झाला तर कबाडी पत्रा किलोवर आणि मोटरमधले तांबे वेगळ्या भावाने घेतो. प्लास्टिकच्या देखण्या कूलरला ही सोय नाही. त्याची टाकी तडकली की तो अडगळच.

जूनच्या मध्यावर पाऊस येतो, हवा ओली होते आणि कूलर नुसता पंखा उरतो. त्याच सुमारास परीक्षा दिलेली मुले खोल्या सोडतात आणि पुढच्या वर्षाची मुले भाडे विचारत येतात. विकणाऱ्याला घाई असते, घेणाऱ्याला गरज नसते, म्हणून कूलर जुलैत पडत्या भावाने मिळतो. तोच मार्चमध्ये शोधायला निघाले की भाव चढलेला असतो. ज्याचा मोठा भाऊ इथे शिकून गेलाय तो जुलैतच घेतो आणि आठ महिने त्याच्यावर पुस्तके रचून ठेवतो.